आघातोत्तर अस्थिर कोपर : शस्त्रक्रियेने स्थैर्य साधण्याचे मार्ग

१. प्रास्ताविक

बारामतीजवळच्या कन्हेरीसारख्या गावात कोपराची दुखापत ही काही दुर्मिळ घटना नव्हे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ह्या पट्ट्याचे रूप पालटले, आणि पुढे माळेगाव, सोमेश्वर व भवानीनगर येथील सहकारी साखर कारखान्यांनी बारामती आणि इंदापूर तालुक्यांचा सारा श्रमव्यवहार उसाभोवती बांधून टाकला. डोक्यावर उसाची मोळी घेऊन अरुंद फळीवरून वाहनावर चढणारा तोडणीकामगार, चिखलात घसरणारा दुचाकीस्वार, ट्रॅक्टरवरून उतरताना तोल जाणारा शेतकरी आणि तालमीत प्रतिस्पर्ध्याखाली हात सापडलेला मल्ल ह्या सर्वांची दुखापत शरीरशास्त्राच्या दृष्टीने बहुतेक एकाच जातीची असते. पडणारा मनुष्य स्वतःला सावरण्यासाठी हात पुढे टाकतो; तळहात जमिनीवर टेकतो; आणि शरीराचा सारा भार प्रकोष्ठातून वर चढत कोपरावर येऊन आदळतो.

प्रौढांच्या मोठ्या सांध्यांपैकी खांद्याच्या खालोखाल निखळतो तो कोपराचाच सांधा. निखळलेला सांधा जागेवर बसविणे हे काम पुष्कळदा सोपे असते. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. बसविलेला सांधा जागेवर राहील काय, आणि राहिला तर तो हालेल काय? कोपराच्या बाबतीत हे दोन प्रश्न एकमेकांच्या विरुद्ध दिशांना ओढतात. स्थैर्यासाठी हात दीर्घकाळ प्लास्टरमध्ये बांधून ठेवावा तर सांधा आखडतो. चलनासाठी लवकर मोकळा करावा तर तो पुन्हा निखळण्याचे भय. शस्त्रक्रियेचे प्रयोजन ह्या पेचातून वाट काढणे हे आहे. सांधा इतका स्थिर करावयाचा की त्याला लवकर हालविता यावे, हेच तिचे सूत्र होय. प्रस्तुत लेखात ह्या सूत्राच्या अनुरोधाने उपलब्ध मार्गांचा, त्यांच्या क्रमाचा आणि त्यांच्या मर्यादांचा विचार करावयाचा आहे.

२. पूर्वविचार

आपल्याकडे ह्या विषयाचा विचार प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात भग्नाचे संधिमुक्त आणि कांडभग्न असे दोन वर्ग केले असून संधिमुक्ताचे सहा प्रकार सांगितले आहेत. कूर्पर म्हणजे कोपर हे मर्मस्थान मानले असून त्याच्या आघाताने हातास वैकल्य येते असे म्हटले आहे. चिकित्सास्थानात ओढणे, दाबणे, जुळविणे व बांधणे ह्या चार क्रिया येतात, आणि निखळलेले कोपर बसविल्यानंतर हात पसरून व आखडून पाहण्याची सूचनाही येते. ही शेवटची सूचना आधुनिक दृष्टीनेही विशेष महत्त्वाची आहे. कारण सांधा बसविल्यावर त्याच्या चलनाची कक्षा तपासणे हाच आज उपचार ठरविण्याचा मुख्य आधार आहे.

पाश्चात्त्य वैद्यकात १८१४ साली मिलान येथील मोंतेज्जा ह्याने अल्नाचा भंग आणि रेडियसच्या शीर्षाची च्युती ह्यांचा संबंध दाखविला. १९५१ मध्ये एसेक्स-लोप्रेस्ती ह्याने रेडियसच्या शीर्षाबरोबर प्रकोष्ठातील आंतरास्थी पडदा व मनगटाजवळचा सांधाही फाटू शकतो हे दाखवून दिले. १९५४ साली मेसन ह्याने शीर्षभंगांचे वर्गीकरण केले. १९६६ मध्ये ऑस्बोर्न व कॉटेरिल ह्या इंग्रज शल्यचिकित्सकांनी वारंवार निखळणाऱ्या कोपराचे मूळ बाहेरच्या बाजूच्या शैथिल्यात आहे असा सिद्धांत मांडला. त्या सिद्धांताला पूर्ण रूप मिळावयास पाव शतक लागले : १९९१ साली ओड्रिस्कॉल, बेल व मॉरी ह्यांनी बाह्य-पश्च परिभ्रमी अस्थैर्याचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि त्यानंतर ह्या विषयाची भाषाच बदलली. तोवर प्रश्न ‘हाड कोणते मोडले’ असा विचारला जाई. आता तो ‘सांधा कोणत्या दिशेने सुटतो’ असा विचारला जाऊ लागला.

३. स्थैर्याचे घटक

कोपर ही साधी बिजागरी आहे असा समज असतो, तो अर्धाच खरा आहे. भुजास्थीच्या खालच्या टोकास दोन पृष्ठे असतात. आतल्या बाजूस रहाटाच्या चाकासारखा खाचदार भाग असून त्याला अल्नाची अर्धचंद्राकृती खोबण कवेत घेते. बाहेरच्या बाजूस गोलसर उंचवटा असून त्यावर रेडियसचे चकतीसारखे शीर्ष फिरते. पहिल्या जोडीमुळे हात दुमडतो व पसरतो. दुसरीमुळे तळहात उताणा-पालथा करता येतो. हाताला टेकू देऊन भार घेताना प्रकोष्ठातून वर येणाऱ्या दाबापैकी सुमारे ६० टक्के भाग रेडियसच्या शीर्षामार्फत जातो, ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. शीर्ष काढून टाकणे हा निरुपद्रवी उपाय आहे असे एके काळी मानले जाई. अस्थिर कोपरात तो तसा नाही, ह्याचे कारण येथे आहे.

स्थैर्याचे प्रमुख आधार तीन. पहिला, अल्ना व भुजास्थी ह्यांची हाडांची गुंफण. हीत अल्नाच्या खोबणीची पुढची चोच, म्हणजे कोरोनॉइड, विशेष महत्त्वाची. प्रकोष्ठ मागे सरकू लागला की ही चोच भुजास्थीच्या पुढील अंगाला अडते. दुसरा, आतल्या बाजूच्या अस्थिबंधाचा पुढचा पट्टा. हा भुजास्थीच्या अंतर्गत उंचवट्यापासून कोरोनॉइडच्या पायथ्यापर्यंत जातो आणि हात बाहेरच्या दिशेने वाकू देत नाही. तिसरा, बाहेरच्या बाजूचा अल्नागामी अस्थिबंध. हा भुजास्थीच्या बाह्य उंचवट्यापासून निघतो, रेडियसच्या शीर्षाच्या मागून झोळीसारखा वळसा घेतो आणि अल्नावर जडतो. हा तुटला म्हणजे अल्ना व रेडियस दोन्ही एकत्र भुजास्थीखालून बाहेरच्या बाजूस फिरून निसटतात. ह्या तीन प्रमुख आधारांच्या जोडीला रेडियसचे शीर्ष, संधिकोश आणि उंचवट्यांपासून निघणारे स्नायू हे दुय्यम आधार होत. दुय्यम म्हणजे क्षुल्लक नव्हेत. आतला अस्थिबंध शाबूत असताना शीर्षाचे महत्त्व फारसे जाणवत नाही. तो तुटला की बाहेरच्या दिशेने वाकणाऱ्या हाताला रोखणारा तोच मुख्य अडसर उरतो.

ह्या रचनेवरून एक उपमा सुचते. बैलगाडीचे जू नुसत्या दोरीने राहत नाही आणि नुसत्या खिळ्यानेही नाही. खिळा गेला तर दोरीवर सारा ताण येतो, दोरी तुटली तर खिळा निसटतो. दोन्ही गेल्यास बैल मोकळे होतात. कोपरातही हाड व अस्थिबंध ह्यांपैकी एक घटक शाबूत असेल तर सांधा बहुधा तग धरतो, दोन्ही गेल्यास धरीत नाही. शस्त्रक्रियेची निवड ठरविणारे सारे तर्कशास्त्र ह्या एका वाक्यात सामावले आहे.

४. दुखापतीची यंत्रणा

ओड्रिस्कॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली असे प्रतिपादन केले की, भेग बाहेरच्या बाजूस सुरू होते, पुढच्या व मागच्या संधिकोशातून वर्तुळाकार पसरते आणि शेवटी आतल्या बाजूस पोहोचते. म्हणून अर्धच्युती, अपूर्ण च्युती आणि पूर्ण च्युती ह्या एकाच मार्गावरील तीन पायऱ्या होत. हे मत दीर्घकाळ मान्य राहिले. परंतु २०१३ साली श्रायबर व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष अपघातांच्या चलचित्रणांचे परीक्षण करून असे दाखविले की, पुष्कळ प्रसंगी हात पसरलेला, तळहात पालथा आणि बल बाहेरच्या दिशेने वाकविणारे असते. अर्थात आतला अस्थिबंध प्रथम तुटण्याची शक्यता मोठी आहे. हा वाद अजून मिटलेला नाही. व्यवहारात त्याचा बोध इतकाच की, कोणती बाजू तुटली आहे हे गृहीत धरू नये. प्रत्येक कोपरात ते तपासून ठरवावे.

५. शस्त्रक्रिया केव्हा नको

ह्या विषयावर लिहिताना शस्त्रक्रियेच्या मर्यादा आधी सांगणे योग्य होय. ज्या च्युतीबरोबर महत्त्वाचा अस्थिभंग नाही तिला साधी च्युती म्हणतात. तीत दोन्ही बाजूंचे अस्थिबंध फाटलेले असले तरी हाडांची गुंफण शाबूत असते. म्हणून सांधा बसविला की तो बहुधा राहतो. स्वीडनमधील योसेफसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली साध्या च्युतीचे ३० रुग्ण दोन गटांत विभागून एका गटाचे अस्थिबंध शिवले व दुसऱ्याचे शिवले नाहीत. शिवल्याने अधिक लाभ झाल्याचे आढळले नाही. २०१७ साली नेदरलंड्समध्ये १०० रुग्णांवर झालेल्या चाचणीत तीन आठवडे प्लास्टर आणि लवकर चलन ह्यांची तुलना झाली. लवकर चलन करणारे रुग्ण लवकर पूर्ववत झाले, आणि पुन्हा च्युती होण्याचे प्रमाण वाढले नाही. तत्पूर्वी १९८८ साली मेहलहॉफ व सहकाऱ्यांनी तीन आठवड्यांहून अधिक काळ बांधलेले कोपर अधिक आखडते असे दाखविले होतेच.

म्हणून नियम असा : सांधा गुंगीखाली सावकाश कर्षणाने बसवावा, मनगटाची नाडी व तिन्ही प्रमुख मज्जातंतू आधी व नंतर तपासावेत, आणि मग क्षकिरणाच्या पडद्याखाली हात पूर्ण दुमडून हळूहळू पसरीत न्यावा. पसरण्याची सुमारे ३० अंशांची मर्यादा येईपर्यंत सांधा एककेंद्री राहिला तर शस्त्रक्रियेची गरज नाही. एक-दोन आठवड्यांत चलन सुरू करावे. उलट ४५ ते ६० अंशांपेक्षा अधिक दुमडूनच ठेवला तरच सांधा जागेवर राहत असेल, किंवा सांध्यात हाडाचा तुकडा अडकला असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार प्राप्त होतो.

येथे आपल्या प्रदेशातील एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. हाडवैद्याकडे जाण्याची प्रथा ग्रामीण भागात अद्याप आहे, आणि तीमागे विश्वास, जवळीक व अल्प खर्च ही समजण्याजोगी कारणे आहेत. तिचा उपहास करून काही साधत नाही. परंतु निखळलेल्या कोपरावर जोराने तेलमर्दन करणे व पुनःपुन्हा ओढणे ह्याने सांध्याभोवतीच्या स्नायूंत हाड तयार होण्याचा धोका वाढतो, आणि तीन आठवडे उलटल्यावर न बसलेला सांधा नुसत्या ओढण्याने बसत नाही. मग उघडून बसविणे, आखूड झालेली ट्रायसेप्सची कंडरा लांबविणे अशा मोठ्या क्रिया कराव्या लागतात, आणि त्यांचे फळ ताज्या उपचारांच्या तोडीचे नसते. पहिल्या दिवशीचे एक क्षकिरण चित्र पुष्कळ दुःख वाचविते.

६. मिश्र च्युती व ‘भीषण त्रयी’

च्युतीबरोबर कोरोनॉइडचा भंग आणि रेडियसच्या शीर्षाचा भंग असे दोन्ही असल्यास त्या दुखापतीस हॉचकिस ह्यांनी १९९६ साली ‘भीषण त्रयी’ असे नाव दिले. नाव अतिशयोक्त वाटते. पण त्याला कारण होते. रिंग, ज्युपिटर व झिल्बरफार्ब ह्यांनी २००२ साली अशा ११ रुग्णांचा वृत्तांत दिला. त्यांपैकी ७ कोपरे बसविल्यानंतर पट्टीत असतानाच पुन्हा निखळली. शस्त्रक्रियेनंतरही ५ पुन्हा निखळली, आणि ज्या चौघांचे रेडियसचे शीर्ष काढून टाकले होते ते चारही त्यांत होते. पुढचा व बाहेरचा अडसर एकाच वेळी गेल्यावर अस्थिबंध कितीही काळजीने शिवला तरी त्याच्यावरील ताण त्याच्या शक्तीपलीकडचा असतो, हा बोध त्यातून घ्यावयाचा.

त्यानंतर दोनच वर्षांनी, २००४ साली, कॅनडातील प्यू, मॅकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ठराविक क्रमाने केलेल्या ३६ शस्त्रक्रियांचे फळ प्रसिद्ध केले. ३४ कोपरे एककेंद्री व स्थिर राहिली. दुमडण्या-पसरण्याची सरासरी कक्षा ११२ अंश होती. २८ रुग्णांचे फळ उत्तम किंवा चांगले होते. तथापि ८ रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रियागृहात जावे लागले. पूर्वीच्या फळांशी तुलना करता हा फरक क्रांतिकारक आहे; पण तो कोणत्याही नव्या उपकरणाने घडविलेला नाही. तो घडविला क्रमाने. तो क्रम असा :

(अ) कोरोनॉइड. शस्त्रक्रिया खोलातून वरच्या थराकडे येते. बाहेरच्या बाजूने शिरल्यावर मोडलेले शीर्ष दूर सारताच कोरोनॉइडची चोच दिसते. म्हणून तिची जोडणी आधी. चोचीचे टोक लहान असेल तर त्यावर जडलेला संधिकोश धाग्याने वेढून, अल्नातील दोन छिद्रांतून मागे ओढून बांधतात. मोठा तुकडा स्क्रूने जोडतात. रीगन व मॉरी ह्यांनी १९८९ साली केलेल्या वर्गीकरणात पहिला प्रकार टोकाचा, दुसरा निम्म्यापर्यंतचा व तिसरा निम्म्याहून अधिक असा आहे. तिसऱ्या प्रकारात जोडणीवाचून गत्यंतर नाही.

(आ) रेडियसचे शीर्ष. तुकडे तीन किंवा त्याहून कमी असतील तर बारीक स्क्रू व आवश्यक तेव्हा पट्टीने जोडणे शक्य होते. तुकडे तीनहून अधिक असल्यास जोडणी टिकण्याची शक्यता कमी. मग धातूचे कृत्रिम शीर्ष बसविणे श्रेयस्कर. ह्या शीर्षाची लांबी हा कळीचा विषय आहे. एक-दोन मिलिमीटर अधिक उंच शीर्ष बसविले तर ते समोरच्या उंचवट्याला घासून झिजविते व दुमडणे अडविते. कमी उंच बसविले तर स्थैर्य मिळत नाही. पूर्वी वापरात असलेली सिलिकोनची शीर्षे मागे पडली, कारण ती झिजून सांध्यात दाह उत्पन्न करीत आणि भार पेलण्यास पुरेशी कठीण नव्हती.

(इ) बाहेरचा अस्थिबंध. च्युतीत तो बहुधा भुजास्थीच्या बाजूने सोलून निघालेला असतो. तो पुन्हा जोडताना चलनाचा अक्ष ज्या बिंदूतून जातो तेथेच धागे अडकवावे लागतात. बिंदू चुकला तर हात दुमडताना ताण वाढतो व पसरताना शैथिल्य येते. हाडात छिद्रे पाडून किंवा छोट्या अँकरच्या आधारे ही जोडणी करतात. तळहात पालथा व कोपर दुमडलेले ठेवून धागे बांधावयाचे.

(ई) परीक्षा. येथे थांबून कोपर पुन्हा पडद्याखाली पसरून पाहावयाचे. बहुसंख्य कोपरे ह्या तीन पायऱ्यांनंतर स्थिर होतात, आणि आतला अस्थिबंध शिवण्याची गरज उरत नाही. ती उरली तर आतून प्रवेश करून तो शिवावा. त्या वेळी अल्नर मज्जातंतू आधी शोधून सुरक्षित ठेवणे अनिवार्य होय.

(उ) बाह्य स्थिरक. एवढे करूनही सांधा निसटत असल्यास बिजागरीचा बाह्य स्थिरक लावतात. भुजास्थी व अल्ना ह्यांत पिना घालून बाहेर बसविलेली ही बिजागरी सांध्यास जागेवर ठेवते आणि तरीही हालू देते. मॉस्को येथील वोल्कोव्ह व ओगानेस्यान ह्यांनी १९७५ साली अशा उपकरणाचा अनुभव प्रसिद्ध केला होता. बिजागरीचा अक्ष कोपराच्या अक्षाशी जुळविणे कठीण, पिनांच्या जागी जंतुसंसर्गाचा धोका, आणि रुग्णास अवघडलेपण हे त्याचे दोष. अलीकडे त्वचेखालीच राहणारा, भुजास्थीच्या अक्षात पिन बसवून अल्नाशी जोडलेला अंतःस्थिरक वापरात आला आहे. मात्र तो काढण्यास दुसरी शस्त्रक्रिया लागते. सांध्यातून सरळ पिन घालून तो काही आठवडे जखडून ठेवणे हा जुना व स्वस्त उपाय. पिन मोडण्याचा व सांधा आखडण्याचा धोका पत्करून तो केवळ अगतिक प्रसंगी योजावा.

७. फसवी व विशेष रूपे

क्षकिरण चित्रात किरकोळ भासणारी, परंतु परिणामी गंभीर अशी एक दुखापत आहे. हात आतल्या दिशेने वाकून पडल्यास कोरोनॉइडचा आतला-पुढचा भाग मोडतो व बाहेरचा अस्थिबंध तुटतो. रेडियसचे शीर्ष बहुधा शाबूत असते. ओड्रिस्कॉल ह्यांनी २००३ साली कोरोनॉइडचे नवे वर्गीकरण मांडले ते मुख्यतः ह्या प्रकाराकडे लक्ष वेधण्यासाठी. सांधा उघड निखळलेला दिसत नाही, म्हणून दुखापत सुटून जाते; आणि भुजास्थीचे चाक मोडक्या कडेवर घासत राहून लवकर संधिझीज होते. कोरोनॉइडवर शंका येताच संगणकीय त्रिमितीय चित्रण करावे. उपाय म्हणजे आतून प्रवेश करून आधारपट्टी बसविणे आणि बाहेरचा अस्थिबंध जोडणे.

ओलेक्रॅनन म्हणजे कोपराचे टोक फुटून प्रकोष्ठ पुढे सरकला असल्यास परिस्थिती उलट असते. येथे अस्थिबंध बहुधा शाबूत असतात व दोष हाडाचा असतो. अल्नाची अर्धचंद्राकृती खोबण मागून पट्टी व स्क्रूंनी नेमकी पूर्ववत केली की स्थैर्य आपोआप येते. तुकडे पुष्कळ असताना केवळ तारेच्या वेढ्यावर विसंबणे चुकीचे होय, कारण वेढा आवळताच खोबण अरुंद होते. मोंतेज्जा जातीच्या दुखापतीतही, जिचे १९६७ साली मोंतेव्हिदेओ येथील बादो ह्यांनी चार प्रकार पाडले, प्रौढांमध्ये अल्नाची लांबी व वळण अचूक साधणे हाच उपचाराचा गाभा. ते साधले की रेडियसचे शीर्ष बहुधा स्वतःच जागेवर येते.

दुखापत जुनी होऊन कोपर वारंवार निसटत असेल, खुर्चीवरून हातांनी रेटून उठताना भीती वाटत असेल, तर फाटका अस्थिबंध शिवणे पुरेसे नसते. त्याच्या जागी कंडरेचा पट्टा बसवावा लागतो. मनगटाजवळची पामारिस लाँगस ही कंडरा पुष्कळदा वापरतात. काही व्यक्तींत ती जन्मतःच नसते, म्हणून आधी तपासावी. आतल्या बाजूच्या अस्थिबंधाची अशी पुनर्रचना अमेरिकेतील फ्रँक जोब ह्यांनी १९७४ साली एका बेसबॉलपटूवर केली. भालाफेक करणाऱ्या खेळाडूंच्या कोपरासही तीच लागू पडते.

८. रुग्णाचा व्यवसाय आणि निवड

शस्त्रक्रियेचा पर्याय केवळ चित्रावरून ठरत नाही. मॉरी व सहकाऱ्यांनी १९८१ साली दाखविले की, दैनंदिन बहुतेक व्यवहारांस ३० ते १३० अंश दुमडणे आणि उताण्या-पालथ्या दोन्ही दिशांस सुमारे ५० अंश एवढे चलन पुरते. परंतु हे व्यवहार घरातले होते. कोयत्याने ऊस तोडणे, मोळी डोक्यावर चढविणे, धार काढणे ह्यांना किती चलन व किती बल लागते हा आपल्याकडच्या संशोधनाचा विषय असावयास हवा. घास तोंडाशी नेता येणे हे एक यश आणि पुढल्या गळिताच्या हंगामात फडात उतरता येणे हे दुसरे. पहिल्याने रुग्ण जगतो, दुसऱ्याने त्याचे कुटुंब.

ह्याचा थेट परिणाम निवडीवर होतो. वृद्ध व्यक्तीत भुजास्थीचे खालचे टोक जोडण्यापलीकडे फुटले असल्यास संपूर्ण कृत्रिम कोपर हा चांगला पर्याय ठरतो. परंतु त्या हाताने जन्मभर सुमारे पाच किलोंहून अधिक वजन एका वेळी उचलू नये असा दंडक असतो. तरुण श्रमिकास तो पाळता येणे अशक्य; म्हणून त्याच्या बाबतीत स्वतःचे हाड वाचविण्याची पराकाष्ठा करावी. रेडियसचे शीर्ष जोडावे की बदलावे हा प्रश्नही असाच. जोडणीने नैसर्गिक शीर्ष राहते, पण ती कोसळली तर सारा सांधा कोसळतो. ज्याला तपासणीसाठी पुनःपुन्हा येणे शक्य नाही, तोडणीच्या टोळीबरोबर जो दुसऱ्या जिल्ह्यात निघून जाईल, त्याच्यासाठी पहिल्याच दिवशी भरवशाचे स्थैर्य देणारा मार्ग अधिक हिताचा असू शकतो.

पूर्वी अशा दुखापतीसाठी येथील रुग्णास सुमारे १०० किलोमीटरवरील पुणे गाठावे लागे. २०१९ साली बारामती येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने उच्च अध्यापन व अध्ययन ह्याच पट्ट्यात आले आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांस ह्या प्रदेशातील कोपरांची पद्धतशीर नोंद ठेवण्याची ही संधी आहे. दुखापत कशी झाली, किती दिवसांनी रुग्ण आला, आधी मर्दन झाले होते काय, आणि वर्षानंतर तो कोणते काम करतो, एवढ्या चार गोष्टी नियमाने लिहिल्या तरी परदेशी आकड्यांवरील आपले अवलंबन पुष्कळ कमी होईल.

९. शस्त्रक्रियेनंतर

उत्तम शस्त्रक्रियेचे फळ निष्काळजी उत्तरोपचाराने वाया जाते. एक-दोन आठवड्यांत चलन सुरू करणे हे ध्येय. रुग्णास उताणे निजवून दंड सरळ वर धरावयास सांगावे. त्या स्थितीत गुरुत्वाकर्षण सांध्यास आत दाबते व पुन्हा निखळण्याचे भय कमी होते. बाहेरचा अस्थिबंध जोडलेला असेल तर तळहात पालथा ठेवून, आणि आतला कमकुवत असेल तर उताणा ठेवून व्यायाम द्यावा. खांदा बाजूस उचलून हात लोंबकळू देऊ नये, कारण त्याने बाहेरच्या जोडणीवर ताण पडतो. दुसऱ्याने जोराने ओढून कोपर सरळ करण्याचा प्रयत्न सर्वथा वर्ज्य. रुग्णाने स्वतःच्या स्नायूंनी केलेली हालचालच खरी. स्नायूंत हाड बनण्याची प्रवृत्ती, अल्नर मज्जातंतूचा त्रास, आखडलेपण व जंतुसंसर्ग ह्या गुंतागुंतींची कल्पना रुग्णास आधीच द्यावी. अखेरचे काही अंश पसरणे बहुधा परत मिळत नाही, हेही आधीच सांगावे. नंतर सांगितले तर ती सबब ठरते.

१०. समारोप

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. साधी च्युती बहुधा शस्त्रक्रियेवाचून बरी होते, आणि तिला अति बांधून ठेवणे हीच तिची हानी. हाड व अस्थिबंध दोन्ही गेले असतील तेथे मात्र शस्त्रक्रियेस पर्याय नाही. आणि तीत कोरोनॉइड, शीर्ष, बाह्य अस्थिबंध, परीक्षा व गरजेप्रमाणे आतला अस्थिबंध किंवा स्थिरक हा क्रम सोडू नये. शीर्ष काढून मोकळे होण्याचा मोह टाळावा. आणि उपचार ठरविताना चित्राइतकेच त्या हाताच्या उद्याच्या कामाकडे पाहावे.

कोपर हा सांधा हातास शरीराशी जोडतो एवढेच नव्हे, तर तो हातास कामाशी जोडतो. फळीवरून घसरलेल्या मोळीवाल्याचा हात पहिल्या तीन आठवड्यांत कोणाच्या हाती पडतो, ह्यावर त्याच्या पुढील तीस वर्षांचा हिशेब अवलंबून असतो. तो हिशेब त्याच्या बाजूने लागावा इतके ज्ञान आज उपलब्ध आहे. ते ज्ञान वेळेवर त्याच्यापर्यंत पोहोचविण्याचे काम मात्र ह्या विषयाच्या अभ्यासकांचे आहे.